साडेतीन बोटं

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. इथे सगळं ठीक आहे. फोन केला की दोन मिनिटांत तू "थांब, सुचेताला देतो" म्हणतोस आणि माझं बोलायचं राहून जातं, म्हणून यावेळी कागद घेतला. सावकाश वाच. उत्तराची घाई नाही.

आधी इथलं सांगते. हेब्बाळचं घर तेच आहे, ऑफिस तेच, बॉसही दुर्दैवाने तोच. पण गेले आठ महिने मी रविवारी एक काम करते, ते तुम्हा कुणालाच सांगितलेलं नाही. दादा, मी जखमा बनवते. म्हणजे खोट्या. कारखान्यात अपघाताची मॉक ड्रिल असते ना, किंवा नर्सिंगच्या मुलींना शिकवायला खोटे पेशंट लागतात, त्यांच्या अंगावर भाजल्याचे फोड, कापलेलं बोट, फुटलेलं कपाळ असं सगळं रंगवायचं. पातळ रबर, टिश्यू पेपर, जिलेटिन आणि रंग. रक्त साखरेच्या पाकाचं करतो, त्यात लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोको नसेल तर ते सरबतासारखं दिसतं. आईला हे सांगितलंस तर ती आधी कानावर हात ठेवेल, हे मला माहीत आहे.

सुरुवात आमच्याच ऑफिसात झाली. सप्टेंबरात आगीची मॉक ड्रिल होती आणि एचआरने मला न विचारता जखमींच्या यादीत घातलं. रंगवायला एक बाई आल्या होत्या, कस्तुराबाई. चिक्कोडीच्या, साठीच्या आसपास, वीस वर्षं कन्नड मालिकांचा मेकअप केलेल्या. इथे सगळे त्यांना अक्काच म्हणतात. मी खुर्चीत बसले ती जीव मुठीत धरून. चेहऱ्याला हात लावू देणार नाही, फक्त हातावर करा, असं मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं, कापलं दाखवायला रंग कालवला, आणि मग मान वर करून माझ्या डाव्या गालाकडे बघतच राहिल्या. मला वाटलं झालं, आता "अरेरे, काय झालं गं" सुरू होणार. तर त्या म्हणाल्या, "हे बेस कुणी लावलंय?" मी म्हटलं, मीच. "हात बरा हाय की तुझा. मला जवळ येईपर्यंत कळलंच नाही. आयतवारी मोकळी असतीस काय?"

एवढंच. माझ्या गालाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं होतं, आणि तेही कामाचं. मी नाही कसं म्हणणार?

त्यांना मला फार शिकवावं लागलं नाही. भाजलेली कातडी कुठे चकाकते, कुठे ओढल्यासारखी होते, थंडीत तिचा रंग कसा जांभळट होतो, हे मला पाठ होतं. पंधराव्या वर्षापासून मी रोज सकाळी चाळीस मिनिटं तेच तर लपवत होते. आता फक्त उलटं करायचं होतं. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात मी दहा कामगारांना सकाळी सातपासून रंगवलं. त्यांतला एक जण स्वतःचा हात बघून खरंच चक्कर येऊन पडला, आणि ड्रिल सुरू व्हायच्या आधीच एक खरा पेशंट तयार झाला. अक्का म्हणाल्या, "स्वल्प कमी रंगवत जा गं."

तुला आठवतं का, पहिला पगार झाल्यावर तू मला भाऊबीजेला एक फाउंडेशन पाठवलं होतंस? तेव्हापासून दर वर्षी तेच. कधी परदेशातून मागवलेलं, कधी कुणा डॉक्टरने सांगितलेलं मलम, एकदा तर कुठल्याशा वैद्याचं केशराचं तेल. माझ्या मैत्रिणींना भावांकडून ड्रेस यायचे, मला डाग घालवायच्या बाटल्या. रागाने नाही सांगत. मी त्या सगळ्या वापरल्या, शेवटच्या थेंबापर्यंत. पण तुला एक सांगायचं राहिलं. माझ्या आवडीच्या वस्तू वेगळ्याच आहेत. चंदनाचा साबण, काजळाची कांडी, एक विटकरी लिपस्टिक, जी मी चौथ्यांदा घेतली आहे, आणि केसांना आपलं साधं खोबरेल. काजळ घालताना मी आरशासमोर गुणगुणते. फाउंडेशन लावताना कधी गुणगुणल्याचं आठवत नाही. ते काम होतं, भांडी घासण्यासारखं. रोज करायचं आणि कुणाला दिसू द्यायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. मार्चमध्ये यशवंतपूरच्या बाजूच्या एका नर्सिंग कॉलेजने अक्कांकडे वेगळीच मागणी केली. ताजी जखम नको, जुना, बरा झालेला भाजल्याचा व्रण हवा, चेहऱ्यावर. अशा पेशंटशी बोलताना नर्सने कुठे बघायचं, काय विचारायचं, हे मुलींना शिकवायचं होतं. अक्कांनी मला फक्त निरोप वाचून दाखवला आणि चहा ढवळत बसल्या. मीच म्हटलं, मी करते. आणि नमुना शोधायला कुठे जायला नको.

पेशंट होणार होती पवित्रा. नाटकात काम करणारी मुलगी, चोवीस वर्षांची, बडबडी. एका रविवारी सकाळी कॉलेजच्या खोलीत मी तिला खिडकीजवळ बसवलं, शेजारी आरसा उभा केला आणि माझं तोंड धुऊन आले. दादा, माझा गाल मी रोज बघते असं मला वाटायचं. बघत नव्हते. मी फक्त झाकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो मोजावा लागला. कानाच्या पाळीपासून खाली जबड्याच्या कडेपर्यंत, बोटं आडवी लावून. साडेतीन बोटं भरला. मग थोडा मानेवर उतरतो आणि कॉलरच्या आत जातो. मी परत मोजला, कारण माझ्या डोक्यात तो ओठाच्या कोपऱ्यापर्यंत होता. तो तिथपर्यंत जातच नाही. मधे चांगली दोन बोटं साधी कातडी आहे, तीळ असलेली. चौदा वर्षं मी त्या बिचाऱ्या तिळावर फाउंडेशन थापत होते.

दोन तास लागले. रबराचा थर, त्यावर टिश्यूची सुरकुती, वर गुलाबी, त्यात किंचित तपकिरी, कडेला चकाकी. मधेच पवित्राने विचारलं, "तुला दुखायचं का?" मी म्हटलं, आठवत नाही. ते खरंही आहे. झालं तेव्हा अक्का जवळ आल्या, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि म्हणाल्या, "सरी." त्यांच्या तोंडून सरी म्हणजे शंभर टक्के.

वर्ग दुपारी होता, म्हणून पवित्रा तशीच माझ्याबरोबर जेवायला बाहेर आली. मला ते नको होतं. रस्ता ओलांडताना मला वाटत होतं, जसं काही मीच उघड्या गालाने चालले आहे. खरं म्हणजे मीही उघडीच होते. घाईत परत काही लावलंच नव्हतं, पण ते माझ्या ध्यानातही आलं नाही, इतकी मी तिच्याकडे बघणाऱ्यांकडे बघत होते. मला शोधायचं होतं लोक काय करतात. तर सांगते काय करतात. एकदा बघतात, एखादा दुसऱ्यांदा बघतो, आणि मग टोकनचा नंबर आला का ते बघतात. एक बाई थोडा जास्त वेळ बघत राहिल्या, मग त्यांचा डोसा आला. समोरच्या टेबलावरच्या छोट्या मुलीने सरळ येऊन कन्नडमध्ये विचारलं, दुखतंय का. पवित्रा म्हणाली, "इल्ला," म्हणजे नाही. मुलीने मान डोलावली आणि ती परत जाऊन आईच्या ताटातला वडा खाऊ लागली. कुणी हसलं नाही, कुणी उठून गेलं नाही.

आणि मी? मी तिच्यासमोर अर्धा तास बसले होते. ती तिच्या नाटकातल्या भांडणाची गोष्ट सांगत होती, सांबार गार आहे म्हणून काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून आली, आणि तिच्या हनुवटीला चटणी लागली. मी तिला रुमाल दिला. ती म्हणाली, कुठे, आणि मी म्हटलं हनुवटीला. तेव्हा मला एकदम कळलं की मला चटणी दिसत होती. व्रण दिसत नव्हता. माझ्या हातांनी दोन तास घडवलेला, माझाच, आणि मी तो विसरले होते. म्हणजे तुम्ही सगळे माझ्यासमोर बसता तेव्हा हेच होत असणार. मला इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक कॉफी मागवली आणि ती प्यायलेच नाही, नुसती धरून बसले.

संध्याकाळी तिने तो सोलून काढला. कडेला तेल लावलं, दोन मिनिटांत निघाला, खाली तिचा गुळगुळीत गाल. तेव्हा आत काहीतरी लागलं, खोटं का बोलू. माझा निघत नाही. पण ते दुःख साधं होतं आणि बसमध्ये बसेपर्यंत ओसरलं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी मी ऑफिसला काजळ आणि लिपस्टिक एवढंच लावून गेले. गेटवरच्या रखवालदाराने ओळखपत्र दोनदा बघितलं. शेजारी बसणाऱ्या विराटने विचारलं, झोप झाली नाही का तुझी. एक मॅनेजर बाई चार दिवस माझ्याशी फार मऊ आवाजात बोलल्या. नंतर संपलं. अजूनही एखाद्या लग्नाला वाटलं तर मी फाउंडेशन लावते, नाही असं नाही. पण आता ती साडीसारखी गोष्ट आहे, हवी तर नेसायची. सकाळची चाळीस मिनिटं मोकळी झाली, त्यात मी पोहे करते आणि गॅलरीत उभी राहून खाते.

हे सगळं मी तुला दिवाळीत भेटल्यावर सांगणार होते. पण गुरुवारी सुचेता वहिनीचा फोन आला आणि ती रडत होती. ती म्हणाली, बाळ दोन महिन्यांचं झालं, तुझ्या दादाने तिला एकदाही हातात घेतलेलं नाही. कधी पाठ दुखते म्हणतो, कधी सर्दी झाली म्हणतो, आणि बाळाच्या आंघोळीची वेळ झाली की चप्पल घालून बाहेर जातो. वहिनीला वाटतंय की तुला मुलगी नको होती. ती माहेरी जाण्याचं बोलत होती. दादा, तिला काही माहीत नाही. आपल्या घरात पंचवीस वर्षं एकच वाक्य चाललं, "पाणी सांडलं." कुणाच्या हातून, ते कुणी म्हटलंच नाही. मी वहिनीचा फोन ठेवून आईला लावला आणि विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, पातेलं उचलून न्हाणीत नेऊन ठेव, असं तुला तिनेच सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या पोराला मी उकळतं पाणी उचलायला लावलं गं, म्हणाली. आणि मी मागून धावत येऊन तुझ्या गुडघ्याला मिठी मारली, कारण मी चार वर्षांची होते आणि तू दिसलास की मी तेच करायचे. एवढंच झालं होतं. तुझ्या हातांत खोट नव्हती, पाणी जड होतं. म्हणून हे पत्र. मी वहिनीला काही सांगितलेलं नाही, ते तू सांग, आजच. आणि वाचून झालं की कागद घडी करून ठेव आणि आत जा. बाळ जागं असेल तर तिला घे. झोपलं असेल तर पाळण्याजवळ बस आणि ती उठायची वाट बघ.

तुझीच,
मैत्रेयी