पहिल्या पानावरची दुरुस्ती

अहमदपूर
१ ऑगस्ट १९८२

ती. मलप्पाअण्णास,
धाकटी बहीण सिद्धम्मा हिचा शरणु शरणार्थी नमस्कार.

इकडे आम्ही सुखरूप. नांदेडचं दुकान बरं चाललं असेल, वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. पाऊस यंदाही रुसलाय, पेरलेलं करपलं. बाजारात मात्र विषय एकच, आपण आता लातूर जिल्ह्यात जाणार. हॉटेलात चहा पिणारा प्रत्येक जण जिल्हा स्वतःच आणल्यासारखा बोलतो.

आपले अप्पा त्यांच्या साप्ताहिकाचा जिल्हा विशेषांक काढताहेत. दुसरे पुढाऱ्यांचे फोटो छापतील. अप्पांनी काढलं काय, तर बहात्तरच्या दुष्काळात कुठलं गाव कोणाच्या विहिरीवर जगलं, त्याचा इतिहास. डोळ्यांना जाड भिंगं, तरी एसटीनं गावोगाव हिंडतात. म्हाताऱ्याचा हट्ट मला पाठ आहे, तरी कौतुक वाटतंच.

विहिरीचा विषय मला काढायचा नव्हता. पण त्याशिवाय पत्र पुढं सरकत नाही.

त्या दुष्काळात तू मळ्यातल्या विहिरीच्या फाटकाला कुलूप घातलंस आणि अप्पांनी पहिल्या पानावर, अगदी वर छापलं: 'संपादकाच्या मुलाची विहीर बंद'. पाऊस पडेपर्यंत तू गावातच राहिलास, मग खुलासा न करता नांदेड गाठलंस, ते आजवर अप्पांसमोर आला नाहीस.

गेल्या आठवड्यात अप्पांबरोबर मी आपल्या गावाबाहेरच्या दलित वस्तीवर गेले. अप्पांनी तिथल्या साखराबाईला विचारलं, तुम्ही त्या वर्षी पाणी कुठून आणलं?

"तुमच्याच हिरीचं की, अप्पा. मलप्पादादा पहाटं कुलूप काढून द्यायचे. समद्या वस्तीनं भरलं."

"मग कुलूप कशाला?"

"उघडी ऱ्हायली असती तर गाव बी तिथंच पानी भराया आलं असतं, मग आमाला फिरकू दिलं असतं का? गावाला आड हुता, आमाला काय हुतं? दादा म्हनले, कुठं बोलू नगा, न्हाईतर तुमचं पानी तुटंल."

अप्पा तिथंच उंबऱ्यावर बसले. चहा आला, तो त्यांच्या हातातच निवला.

अण्णा, सगळ्या गावाच्या शिव्या पचवल्यास आणि मलाही सांगितलं नाहीस. तुझ्यावर रागवावं की तुझ्या पाया पडावं, कळत नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो, हे सरळच लिहिते.

अप्पांचा नियम तुला माहीत आहे. चूक जिथं छापली तिथंच, तेवढ्याच ठळक अक्षरात दुरुस्ती. म्हणजे विशेषांकाचं पहिलं पान. जाहिरातवाले कुरकुरले, त्यांना तिथं पुढारी हवा होता. अप्पांनी ऐकलं नाही. साखराबाईही म्हणाली, आता खुशाल छापा. मजकूर जुळवून तयार आहे, तरी अप्पांनी छपाई थांबवलीय. म्हणतात, "एकदा त्याला न विचारता छापलं. आता त्यानं हाव म्हटल्याबिगर छापणार न्हाई."

मग तुम्हीच लिहा त्याला, मी म्हटलं. काल दिवसभर अप्पा कागद पुढ्यात घेऊन बसले. जन्मभर लिहीत आलेला माणूस 'चि. मलप्पा'च्या पुढं जाईना. शेवटी पेन माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

अंक पंधरा ऑगस्टच्या आत निघायला हवा. तू नको म्हणालास तर ती जागा कोरी सोडतील, पण दुसऱ्या कुणाला देणार नाहीत. तेव्हा हो म्हण, नाहीतर नको म्हण. पण अण्णा, कार्डावर लिहून पाठवू नकोस. येऊन त्यांच्या समोर उभा राहून म्हण.

अप्पांच्याही वतीनं,
तुझी
सिद्धम्मा