मानेपर्यंत वाळूत

सीवा,
१९ जुलै १९९३

चि. वहीद यास तफीदाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस. मी जिवंत आहे आणि शुद्धीवरही आहे. माझ्या बोटांत पेन धरवत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून मी सांगते आहे आणि शेजारच्या तंबूतल्या दौलतबाई लिहितायत. बाई महल्ला शहरातल्या, तिथं त्यांचं शिवणाचं दुकान होतं. गुडघे गेलेत, पण हात शाबूत आहेत आणि तोंड त्याहून शाबूत. त्यांचा सांध्यांवरचा वाळूचा उपचार गेल्या आठवड्यात संपला. आता अंगाला वारा न लागू देता महिनाभर काढायचा म्हणून थांबल्यात.

तर कळवायचं म्हणजे, काल मला पुरलं. सकाळीच खड्डे खणून उन्हात तापत ठेवतात, भर दुपारी आत निजवतात आणि मानेपर्यंत वाळू लोटतात. वर फक्त डोकं. बायकांच्या आवारात आम्ही सहा जणी होतो. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यंदा कलिंगडं बरी आलीत. माझ्या उजव्या बाजूला कैरोच्या एका न्यायाधीशाची बायको होती. ती सारा वेळ सुनेची गाऱ्हाणी सांगत होती आणि मला ना उठून जाता येत होतं, ना कानांवर हात ठेवता. इतकी वर्षं मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते, पण इतकं निमूट मी कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

बाहेर काढलं की घोंगड्यात नाकापर्यंत गुंडाळून बंद तंबूत ठेवतात. वारा नाही, पंखा नाही, गार पाणी नाही. गरम लिंबाचं पाणी प्यायचं आणि घाम गाळायचा. आत्ता मी तशीच पडून हे सांगते आहे.

ईदला तू सगळ्या घरासमोर म्हणालास की भाजूनच घ्यायचं असेल तर दमनहूरला पावाची भट्टी आहे, बसचं भाडंही वाचेल. सगळे हसले. तुझी बायको तर मुलूखियाच्या पालेभाजीचं भांडं हातात धरून हसत होती. मी बरी होऊन येईन आणि त्याच टेबलाशी बसून हातानं अक्रोड फोडीन, तेव्हा कोण हसतं ते बघू.

बाकी मी मजेत. मुलांना पापे. ताईवर माया आहे तितकी असू दे, थट्टा तेवढी आवर.

तुझी,
तफीदा

ता. क. वहीदभाऊ, हे मी माझ्या मनानं लिहिते आहे. तुमच्या ताई आत्ता गुंडाळलेल्या आहेत, त्यांना कागद दिसत नाही. ‘मजेत’ हा शब्द त्यांचा, माझा नाही. त्यांनी सांध्यांच्या गोळ्या बंद केल्यात, ती आठवड्याची पिवळीसुद्धा. सगळी पाकिटं बॅगेच्या तळाशी खजुराच्या पुड्याखाली पडून आहेत. विचारलं तर म्हणाल्या, लुडबुड करू नका. मी सांगितलं असं म्हणालात तर मी साफ कानांवर हात ठेवीन. — दौलत


दमनहूर,
२४ जुलै

ती. ताईस सादर सलाम, वि. वि.

पत्र पावलं. दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना वाचलं आणि हसू आवरेना. न्यायाधीशीणबाईंना माझा आदर सांग, तुला गप्प बसवणं आपल्या वडिलांनाही जमलं नव्हतं.

इकडे सर्व ठीक. हुदाला दहावीला चांगले गुण पडले. तिची आई तुझी आठवण काढते आणि भांड्याचा विषय पुन्हा काढू नये अशी तिची विनंती आहे.

ताई, रक्तदाब तपासून घेतलास ना? पाणी कमी पडू देऊ नकोस, गरम तर गरम. आणि गोळ्या वेळेवर घेतेस ना? मला काही संशय आहे असं नाही, आपलं सहज विचारतो. एवढंच की गोळ्या थंड जागी असाव्यात. बॅगेच्या तळाशी, खजुराच्या पुड्याबिड्याखाली राहिल्या तर उष्म्यानं खराब होतात.

उलट टपाली कळव. धाकट्यावरचा राग बेतानं असावा.

तुझा,
वहीद


सीवा,
२९ जुलै

चि. वहीद यास आशीर्वाद. आज अनेक नाहीत, एकच.

तू औषधं विकतोस तेच बरं. हेरखात्यात असतास तर पहिल्याच दिवशी पकडला गेला असतास. दमनहूरला बसून तुला माझ्या बॅगेतले खजूर दिसतात काय? पत्र मी स्वतः वाचलं, चष्मा लावून, दौलतबाईंच्या समोर. त्यांनी चहाच्या पेल्यात तोंड खुपसलं. मी त्यांना चहाडखोर म्हटलं आणि हा शब्द त्यांच्याकडूनच इथं लिहवून घेते आहे. (लिहिला. शुद्धलेखन बरोबर आहे ना ते भावानं बघावं. — दौ.)

आता ऐक. मी गोळ्या अडाणीपणानं सोडलेल्या नाहीत, विचार करून सोडल्यात. एका वर्गाला दोन शिक्षक एकच गणित शिकवायला लागले आणि मुली पास झाल्या, तर शाबासकी कुणाला द्यायची? मी वाळूही घेतली आणि गोळीही, आणि बरं वाटलं, तर तू ईदला बोट नाचवत म्हणशील की बघा, माझ्या गोळीनं केलं. म्हणून एका शिक्षकाला रजा दिली. यात चूक काय ते दाखव.

आणि हो, वाळूनं बरं वाटतंय. वाळूवाल्या हज्जा नज्मा रोज विचारतात, मी रोज बरं म्हणते. (विचारतात हे खरं. — दौ.)

गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना कळवायचं नाही. कळवलंस तर मी इथंच घर घेईन.

रागावले असले तरी ताईच आहे, एवढं ध्यानात असू दे.

तफीदा

ता. क. आता चोरी उरलेली नाही, त्या समोर बसल्यात आणि ‘लिहा, लिहा, काय लिहायचं ते लिहा’ म्हणतायत. तर लिहिते. वाळूनंतर दोन-तीन तास त्यांना खरंच हलकं वाटतं. पण सकाळी त्यांची मूठ वळत नाही. मनगटं सुजून गरम झालीत. झग्याची बटणं मी लावते. काल चहाचा पेला उचलता येईना, तर म्हणाल्या, चहाची इच्छा नाही. भाऊ, त्यांना चहाची फार इच्छा होती. — दौलत


दमनहूर,
३ ऑगस्ट

ती. ताईस सलाम, वि. वि.

हे पत्र दुकान बंद करून लिहितो आहे, हसण्यावारी नेऊ नकोस.

सूज नुसती दुखत नाही, ती आतून सांधा खाते. एकदा बोटं वाकडी झाली की तुझी वाळू आणि माझी गोळी, दोघी मिळूनसुद्धा ती सरळ करू शकत नाहीत. वाळूनं तुला बरं वाटतं ना? वाटू दे. मी कोण नको म्हणणारा? हृदय ठीक आहे, रक्तदाब ठीक आहे, तर वर्षातून दोनदा जा. पण गोळीच्या जागी वाळू नको, गोळीच्या जोडीला वाळू घे. मला भीती वाटते गं. काउंटरच्या अलीकडून मी असे हात रोज बघतो, त्यांत तुझे नकोत.

तुला माझ्यावर जय हवा आहे, तो घे. खाली लिहून देतो:

मी, वहीद, औषधविक्रेता, राहणार दमनहूर, कुणाच्याही दडपणाशिवाय जाहीर करतो की सीव्याच्या वाळूनं माझ्या सगळ्या कपाटांवर मात केली. पावाच्या भट्टीबद्दलचे माझे उद्गार मी मागे घेतो. यापुढे ताईला जे काही बरं वाटेल त्याचं श्रेय वाळूचं, आणि जे वाईट वाटेल ते माझ्या खात्यावर मांडावं.

सही केली आहे, साक्षीला बायकोची सही आहे. ईदला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. पण ताई, तुझ्या पाया पडतो, गोळ्या सुरू कर. डॉक्टरीणबाईंना विचारूनच कर, मी मध्ये पडत नाही.

तुझ्या लोभाला कधी तोटा पडू नये.

वहीद


सीवा,
८ ऑगस्ट

चि. वहीद यास अनेक, अगदी अनेक आशीर्वाद.

तुझं जाहीरनामापत्र काल पोचलं. मी गोळ्या त्याच्या आदल्या मंगळवारीच सुरू केल्या होत्या. तेव्हा तुझी शरणागती फुकट गेली, पण मी ती परत करणार नाही. काच लावून दिवाणखान्यात टांगणार आहे.

तू विचारशील की अक्कल कशी आली. दौलतबाईंमुळे. त्या रोज सकाळी येत, न बोलता माझी बटणं लावत आणि जात. चोवीस तास तोंड चालवणारी बाई बटणं लावताना गप्प बसते, याचा अर्थ काय होतो ते मला कळलं. मी त्यांना म्हटलं, चला टपाल कचेरीत, फोन लावू. डॉक्टरीणबाई वाळूला नाही म्हणाल्या नाहीत. गोळ्या सोडल्या म्हणून मात्र असं काही बोलल्या की मी फोन कानापासून लांब धरला. मुलींना मीसुद्धा इतकं कधी बोलले नव्हते. आता गोळ्या कशा घ्यायच्या आणि रक्त कधी तपासायचं ते त्यांनी सांगितलंय, तसंच करते आहे. वाळूही पुरी केली. शाबासकी कुणाला द्यायची हा प्रश्न मी सोडून दिलाय, मुलगी पास झाली की पुरे.

पण एक सांगते, आणि हे थट्टेत घालवू नकोस. मी इथं वाळूसाठी आले असं तुम्ही सगळे समजता. पहिल्या दिवशी हज्जा नज्मा माझ्यापाशी मांडी घालून बसल्या. माझा हात त्यांनी हातात घेतला, एकेक बोट दाबलं आणि विचारलं, कुठं दुखतं? मी सांगत गेले आणि त्या ऐकत गेल्या, घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. वहीद, मला रडू आलं. आमचे हे गेल्यापासून माझा हात कुणी असा धरलेला नाही. तू गोळ्या आणून देतोस, किती वाजता घ्यायच्या ते पाकिटावर लिहून देतोस, बिल घेत नाहीस. तुझ्यासारखा भाऊ मिळणार नाही. पण कुठं दुखतं, हे तू एकदाही विचारलं नाहीस.

पुढच्या आठवड्यात परत येईन. प्रकृतीला जप.

तुझी,
तफीदाताई


दमनहूर,
१२ ऑगस्ट

ती. ताईस सादर सलाम.

पत्र तीनदा वाचलं. एवढी वर्षं काउंटरमागं उभा राहून मला वाटायचं की पाकीट बघितलं म्हणजे माणूस कळला.

तू एकटी येऊ नकोस, गुरुवारच्या बसनं मी न्यायला येतो. पण तोवर मला थांबवत नाही म्हणून हे चार ओळींचं पत्र.

ताई, कुठं दुखतं?

तुझा,
वहीद


सीवा,
१५ ऑगस्ट

चि. वहीद यास आशीर्वाद.

विचारलंस ना, आता भोग. उजव्या अंगठ्यापासून सुरू करते. सगळं मागोमागच्या पानांवर आहे, सावकाश वाच, मध्ये गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबव. काही दुखणी हाडांची आहेत, काही घर रिकामं आहे त्याची आहेत. मी ती वेगळी काढलेली नाहीत, मला ती वेगळी काढता येत नाहीत. आज सकाळी वरची दोन बटणं माझी मी लावली.

ये लवकर. वाट बघते आहे.

तुझीच,
ताई

ता. क. वहीदभाऊ, सोळा पानं झाली. आता माझाही अंगठा ठणकायला लागलाय. मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवते: डावा गुडघा, आतल्या बाजूनं, जिना उतरताना. — दौलत