बाहुलीसमोर न फुटलेला आवाज

प्रिय ताई,
तुझ्या मुकीचा तुला नमस्कार, पिल्लूला पापा.

मी बरी आहे, जेवण पोटभर मिळतं. शाळा सोडली तरी शिकवणी सुटली नाही बघ! इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्सबाईंबरोबर आम्हा आयांनाही शिकवतात. रबरी बाहुलीचा श्वास थांबलाय असं समजायचं आणि आधी मोठ्यांदा मदतीला हाक मारायची. माझा आवाजच फुटेना. वॉर्डच्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "अगं, बाहुलीला काय लाजतेस?"

काल खरंच एक बाळ निळं पडलं. मी अशी ओरडले की गेटवरचा वॉचमनही धावत आला. बाळ वाचलं, पण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

पिल्लूचा खोकला गेला का? श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर लगेच दवाखान्यात ने. सासूबाई काय म्हणतील म्हणून गप्प बसू नकोस. ओरड.

घसा बसलेली,
तुझी मुकी