टाळी वाजेपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार

आज नवी नोकरी धरली. धायरीचं वर्कशॉप सोडलं, विश्रांतवाडीची वॉचमनकी सोडली. एका जागी बूड टेकत नाही असं आई म्हणते, ते खोटं नाही. पण ही नोकरी भारी आहे. झोपून राहायचं आणि पोट दुखतंय असं दाखवायचं. बस्स. या वेळी टिकणार, असं आईला फोनवर सांगून बसलोय.

नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर डॉ. दिगंबर सरांचा क्लास आहे. डॉक्टर होणारी पोरं परीक्षेआधी इथे हात बसवायला येतात. खरा पेशंट रोज कुठून आणणार, म्हणून मी. मागची खोली राहायला, जेवण सरांच्या घरचंच. सरांनी औषध कंपनीची ही डायरी दिली. शिकवलेलं रोज लिहून काढा म्हणाले, आठवीपर्यंत गेलात म्हणजे अक्षरं पाहिलेली असतील. पुण्यात शिवीसुद्धा अहो-जाहो करून देतात.

मग शर्ट काढायला लावला आणि मार्करने पोटावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मारल्या. फुली-गोळ्याचा डाव मांडतात तशा. नऊ घरं झाली. उजवीकडे वर पित्ताची पिशवी, मध्ये वर जठर, बेंबीभोवती आतडी, उजवीकडे खाली अपेंडिक्स. इतकी वर्षं हे पोट घेऊन हिंडतोय, आत एवढी वस्ती आहे हे आज कळलं.

नियम एकच. सरांनी टाळी वाजवली की नाटक संपलं. टाळी वाजेपर्यंत मी काहीही बोललो तरी ते पेशंटचं बोलणं. टाळीनंतर मी उत्तरेश्वर.

खाटेखाली आधीच्या माणसाच्या चपला आहेत. कोंडीराम नाव त्याचं. सरांच्या मिसेस नीरजाबाई म्हणाल्या, न सांगता गेला, तुमच्याकडे सांगून जायची पद्धत नसावी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पित्ताच्या खड्यांचं केलं. तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीत उजव्या खांद्याकडे जाते. तिथे बोटं रुतवून श्वास घ्यायला सांगितलं की पेशंटचा श्वास अर्ध्यात अडकतो. मी असा अडकवला की अवनी नावाची मुलगी घाबरून हात काढून उभी राहिली. सगळे हसले.

मग मी मनानेच एक वाक्य घातलं. मॅडम, हे नाटक नाही, खरंच दुखायलंय. सर खूश. म्हणाले, हे रोज म्हणा, खरे पेशंट असेच विनवतात आणि पोरं तिथेच फसतात. चहाच्या कपात थर्मामीटर बुडवून तापही दाखवला. सर म्हणाले, कोंडीरामनंतर प्रथमच कलावंत मिळाला. रात्री खोट्या रडण्याचा व्हिडिओ काढून वर्कशॉपमधल्या संतोषला पाठवला, तो हसून लोळला.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी नीरजाबाईंनी कालची उरलेली भजी दिली. ती खाल्ली आणि उजव्या बरगडीखाली धरलं. खरंच धरलं. खांद्यापर्यंत गेलं. श्वास अर्ध्यात अडकला, काल मी अडकवला होता तसाच. दुपारी आपोआप गेलं.

बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, माझ्यासमोर तालीम नको, मी परीक्षक नाही.

संध्याकाळी मूतखडा केला. कुशीतून जांघेत उतरणारी कळ. या दुखण्यात माणूस एका जागी पडून राहत नाही, तळमळतो, लोळतो. सर म्हणाले, तुम्हाला हे जमेल, तुमचा मूळ स्वभावच तो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लोळलो. सकाळभर फरशीवर लोळलो. कुशीतून जांघेत, अगदी काल जसं दाखवलं तसंच. लघवी लाल झाली.

सर दारात उभे राहून बघत होते. पोरांना हाक मारली, या, बघा, याला म्हणतात मेहनत. मी म्हटलं, सर, खरंच दुखायलंय. पोरांनी माझ्यासोबतच ते वाक्य म्हटलं. पाठ झालंय त्यांना.

लाल लघवी दाखवायला गेलो. सर म्हणाले, बीट खाल्लं असणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज क्लास नाही. मार्कर स्पिरिटने जातो, पण जिथे शिकवलं ती दोन घरं अजून दुखरी आहेत. बाकीची घरं गप्प आहेत. जे करून दाखवतो तेच येतं. म्हणजे मी करायचं नाही.

फळ्यावर पुढचं लिहिलंय. शनिवारी अपेंडिक्स. रविवारी सराव परीक्षा, फुटलेलं अपेंडिक्स.

सरांना म्हटलं, हे मी करणार नाही. सर म्हणाले, टाळी वाजली नव्हती तेव्हा रडलात, आता वाजून गेल्यावरही रडता, मग आम्ही उत्तरेश्वरला भेटायचं कधी? पुढे म्हणाले, ही नोकरीही सोडा, आईंना सवय असेलच.

लागलं ते मनाला. राहिलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

केलं. आधी बेंबीभोवती मंद दुखतं, भूक मरते, ओकारी येते. मग दुखणं चालत चालत उजव्या खालच्या घरात जातं आणि तिथे मुक्काम करतं. दाबताना दुखतं, पण हात एकदम सोडला की जास्त. खोकलं तरी तिथेच लागतं.

सरांनी एक गोष्ट तीनदा सांगितली. ऑपरेशनच्या आधी हे दुखणं अचानक थांबलं तर आनंद मानू नका. ते फुटलं. थोडा वेळ बरं वाटतं. मग सगळ्या पोटात विष. पोट पाटासारखं कडक, पेशंट हलत नाही.

अवनीने विचारलं, पाटासारखं कडक म्हणजे काय ते नाटकात कसं कळणार. सर म्हणाले, कोंडीरामचं व्हायचं. शेवटच्या दिवशी तर ठोकून बघा असं पोट. दहापैकी दहा दिले मी त्याला.

चपला न घालता माणूस कसा निघून जातो? उचलून नेला तरच.

९ नोव्हेंबर, रविवार, पहाटे

बेंबीभोवती. मंद.

जेवण नको वाटतंय. ओकलो.

सकाळ

सरकलं. उजवीकडे खाली. खोकून बघितलं — तिथेच.

वर्कशॉपमधल्या संतोषला फोन केला. तो हसला. तूच पाठवला होतास ना रडायचा व्हिडिओ, म्हणाला, हा त्याच्यापेक्षा भारी झाला. ठेवला. परत लावला तर उचलत नाही.

जिन्यात गेलो. एक मजला उतरलो, मग पाय — बसलो तिथेच. परीक्षेला येणाऱ्या दोन पोरांनी खांद्याला धरून वर आणलं. सरांना म्हणाली, काकांनी जिन्यापासूनच सुरुवात केलीय, मानलं.

दुपार

परीक्षा चालू. एक पोरगं बाहेर गेलं की दुसरं येईपर्यंत लिहितोय. डायरी उशीखाली.

दाबतात. सोडतात. सोडलं की —

थर्मामीटर मागितला. एकशे दोन. नीरजाबाई दारातून म्हणाल्या, चहाचा कप कुठे लपवलाय ते बघा.

अवनी आली. हात ठेवून बराच वेळ थांबली. सरांना म्हणाली, सर, हे खरंच आखडतंय. सर म्हणाले, पेशंटच्या तोंडाकडे बघू नका, गुण जातील. ती गेली.

कुठलं वाक्य बोलू? सगळी बोलून झाली. मीच बोललोय.

टाळी वाजू दे. टाळीनंतर मी उत्तरेश्वर. तेव्हा ऐकतील. टाळी

दोन पोरं राहिली

एक

—

थांबलं.

दुखणं थांबलं. एकदम. हलकं वाटतंय. घाम आला, गार वारा लागावा तसं —

तीनदा सांगितलं होतं. तीनदा.

टाळी वाजली. सर वाजवतायत, पोरंही वाजवतायत. झालं. आता मी उत्तरेश्वर.

सर वाकून विचारतायत, काय उत्तरेश्वर, आता खरं सांगा, दुखतंय का?

नाही दुखत. खरंच नाही.

हसले. चालले. अवनी सगळ्यात मागे. दिवा बंद करतायत —

अवनी, थांब. नाही दुखत म्हणजेच तर