तिकिटांची आंघोळ

३ मार्च
बाबांचा तिकिटांचा संग्रह आज घरी आला. सात अल्बम, एक भिंग, एक चिमटा. बाबांनी जाण्याआधी बजावून ठेवलं होतं म्हणे, की पोस्टाची तिकिटं धाकट्यालाच द्यायची. ताई लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून भिंगातून बघायची. मी नुसता हात लावला तरी ओरडा खायचो. तरीही मला! याला म्हणतात माणसाची पारख.
संकल्प : रोज एक तास संग्रहासाठी. न चुकता.

४ मार्च
वेळ नाही मिळाला. ऑफिसात ऑडिट.

९ मार्च
सुरू करणारच होतो, पण टेबलावर बायकोचं शिलाई मशीन. हलव म्हटलं. तर म्हणाली, हे मशीन गिटारसाठी हलवलं, बोन्सायसाठी हलवलं, आता हलणार नाही. वर नाचता येईना अंगण वाकडं, हेही ऐकवलं. मूडच गेला.

१५ मार्च
ताईचा फोन. अल्बम कोरड्या जागी आहेत ना, उगाच उघडू नकोस, महिनाअखेरीस बघायला येते. पोटात दुखतंय तिच्या, दुसरं काय! आता संग्रह असा लखलखीत करतो की बाईसाहेबांची बोलतीच बंद.

२२ मार्च, सकाळ
अल्बम उघडले. धक्काच बसला. मोठ्यांबद्दल बोलू नये, पण बाबांनी फार हयगय केली. निम्म्या तिकिटांवर पोस्टाचे काळे शिक्के. उरलेली कोरी, पण मागे पिवळट गोंद तसाच. सगळ्यांना साबणाच्या पाण्यात आंघोळ घालायची. साधी गोष्ट, आजवर कुणाला सुचली नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
गोंद चकाचक निघाला. शिक्के हट्टी, पण खोडरबराने बरेचसे गेले. एका राणीचं नाकही गेलं. तिकिटं चादरीवर वाळत घातली आणि बायकोने पंखा लावला. सगळा संग्रह पलंगाखाली. तिला म्हटलं, जरा तरी विचार करायचास. ती म्हणाली की तिला घाम आला होता.

२४ मार्च
तिकिटं वाळून त्यांच्या सुरळ्या झाल्या. इस्त्री फिरवली. एक इस्त्रीला चिकटलं आणि तिथून माझ्या शर्टाच्या कॉलरवर आलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुम्हाला कुठे पोस्ट करायचंय? मेले सगळे हसले.

२९ मार्च
झालं! बाबांच्या मांडणीला काही सिस्टिमच नव्हती, म्हणून नव्या अल्बममध्ये रंगांप्रमाणे लावली. सुताराकडचा पांढरा डिंक वापरला, आता जन्मात हलायची नाहीत. बायकोनेही कबूल केलं, की गिटारपेक्षा मजल पुढे गेली.

३० मार्च
ताई आली. पानं उलटत राहिली, एक शब्द नाही. कौतुकाने बोलती बंद झाली असं वाटलं. मग तिने चष्मा काढून डोळे पुसले.

म्हणाली, कोऱ्या तिकिटाचं सगळं मोल मागच्या मूळ गोंदात असतं. तेही जाऊ दे म्हणाली. बाबांची जिथे जिथे बदली झाली, तिथून ते पहिल्या दिवशी घरी पत्र टाकायचे. ते तिकिटं नव्हते जमवत, ते शिक्के जमवत होते.

मी चिडलो. मग आधी सांगायचं ना! आणि एवढं होतं तर तुला सोडून मला का दिला?

तिनेही बाबांना हेच विचारलं होतं म्हणे. बाबा म्हणाले, तुझ्याकडे राहिला तर तू रोज काढून बघशील, हाताळून झिजेल. धाकट्याला दे. तो हौसेने घेईल आणि कोपऱ्यात ठेवून विसरेल. त्याच्या हातून काही पुरं होत नाही, तिथे सुरक्षित राहील.

ताई गेली. अल्बम घेऊन जाईल असं वाटलं होतं; विसरली की मुद्दाम ठेवला, कळलं नाही. एक तिकीट नखाने सोडवून बघितलं. फाटलं.

बाबा, हातात घेतलेलं एक काम मी पुरं केलं, तेही नेमकं तुमचे शिक्के पुसण्याचं.