वामनरावांकडे जाणारा माझा ओटीपी

प्रति,
मा. प्रवेश समन्वय अधिकारी,
विभागीय परिचर्या प्रवेश कक्ष, अमरावती

विषय : नोंदणीकृत मोबाईल नंबर उद्या पाचच्या आत बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : माझे याच विषयावरचे तीन अर्ज. उत्तर निघाले असल्यास मला मिळालेले नाही.

महोदय,

१. मी प्रणाली खुशालराव गावंडे, तालुका दर्यापूर. मला परिचर्या पदविकेची जागा मिळाली आहे. ती उद्या सायंकाळी पाचपर्यंत ऑनलाइन पक्की करायची आहे. त्यासाठीचा ओटीपी नोंदणीकृत नंबरवर येतो आणि तो नंबर आता माझ्याकडे नाही. पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसत नाही, म्हणजे ही जागा गेली की गेलीच.

२. असे कसे झाले, हे खिडकीवरचे किशोरभाऊ दर वेळी विचारतात, म्हणून लिहिते. मागच्या वर्षी आपल्या कार्यालयाने उमेदवारांची यादी नाव, गाव, मोबाईल नंबरसकट दारावर लावली. तीन महिने मला अनोळखी माणसांचे फोन आले. एक जण रोज करायचा आणि बोलायचा नाही. बाबा म्हणाले, "नंबर बंद कर, नाही तं शिकनं बंद कर." म्हणून यंदा मी एका ॲपवरून तीस दिवसांपुरता आभासी नंबर घेतला. त्यावर नुसते मेसेज येतात, खरा नंबर झाकलेला राहतो. आपले वेळापत्रक अठ्ठावीस दिवसांचे होते. आपण दोनदा मुदतवाढ दिली, तोवर माझे तीस दिवस संपून तो नंबर साध्या सिमवर दुसऱ्याला गेला. सरकारी वेळापत्रकावर विसंबले, ही चूक माझी.

३. तो नंबर आता अकोल्याचे वामनराव टेकाडे वापरतात. त्याच नंबरवर फोन केला तर ऐकेनात, म्हणून पत्ता विचारून एसटीने घरी गेले. त्यांच्या पत्नी भागीरथाकाकूंनी चहा दिला. माझा ओटीपी माझ्यासमोर त्यांच्या मोबाईलवर आला. वामनराव म्हणाले, "पोरी, तू खरी असशीन. पन कोनाले सांगू नये असं त्याच मेसेजात लिवलं हाये. सायबाचं लेखी आन, मंग देतो." माणूस सरळ आहे, म्हणूनच माझी पंचाईत झाली.

४. लेखी पत्राची मागणी ऑनलाइनच करावी लागते. त्याला ओटीपी. नंबर बदलायला जुन्या नंबरवर ओटीपी. तक्रारीला ओटीपी, तक्रार मागे घ्यायची तरी ओटीपी. काल मी आधार, दहावीची सनद, रहिवासी दाखला सगळे खिडकीत मांडले. किशोरभाऊ म्हणाले, "ताई, तू मले दिसून राहिली, कॉम्प्युटरले नाही ना दिसत." मला फार राग आला, तो इथे नोंदवते.

५. तरी एक तर माझा खरा नंबर लावून द्यावा, नाही तर वामनरावांच्या नावे दोन ओळींचे पत्र द्यावे. सकाळच्या पहिल्या गाडीने मी अकोला गाठीन. खरा नंबर या अर्जात मुद्दाम लिहिलेला नाही. तो आपल्या हातात चिठ्ठीवर देईन.

६. या अर्जावरचा निर्णयही नोंदणीकृत नंबरवरच जातो, असे कळले. म्हणजे आपण हो म्हणालात तरी ते वामनरावांना कळेल, आणि ते मला सांगायचे नाहीत. म्हणून मी आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आहे. कृपा करून मला तोंडाने सांगावे.

आपल्या उत्तराशिवाय न उठणारी,
प्रणाली गावंडे
दि. २१ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. जागा मिळाल्याचे पत्र
२. मागील तीन अर्जांच्या झेरॉक्स
३. कोरा कागद व पेन, पत्र आत्ताच लिहायचे झाल्यास