बाबांनी नापास केलेल्या गाड्या

प्रिय ठमे,

गाडीचं घोडं कुठे अडलंय म्हणून तू फोनवर चिडलीस, ते बरोबरच होतं. नर्सची नवी नोकरी, इस्पितळाच्या पेशंटांची घरं चार दिशांना आणि बस तासाला एक. पण फोनवर मला मोकळं बोलता येत नाही, बाबा शेजारीच कान टवकारून बसलेले असतात. म्हणून हे पत्र समोरच्या काकूंच्या हाती पाठवतेय.

गाडी लहानच घ्यायची यावर आमचं एकमत आहे. पार्किंगमध्ये मावावी आणि तुझ्या पगारातही, असं बाबांचं म्हणणं. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस; बोनेट उघडायच्या आधी टायरची झीज बघतो आणि मला मागे बसवून धक्के बसतात का विचारतो. मास्तरांची बायको असून मला गाडी येत नाही, तेवढाच माझा उपयोग!

पहिली लाल गाडी त्यांनी क्लच जड म्हणून नापास केली. दुसरी एका बाजूला ओढते म्हणून. तिसरी, पांढरी, माझ्या मनात भरली होती, पेट्रोलही बेताचंच पिणारी. चौकात सिग्नल लाल झाला तरी गाडी पुढे सरकतच राहिली. मी ओरडले. बाबांचे डोळे उघडे होते, पण त्यांना काही ऐकूच जात नव्हतं. शेजारी बसलेल्या विक्रेत्याने हँडब्रेक ओढला, तेव्हा समोरून ट्रक गेला. मग बाबा भानावर आले आणि म्हणाले, ब्रेक बरोबर नाहीत, ही नको.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्यांना कोणत्या तोंडाने म्हणू? दुसरी गाडी बाजूला गेली तेव्हाही ते असेच हरवले होते, हे मला तेव्हा उमगलं. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात. मला फार भीती वाटते गं.

चौथी, निळी, काल पास झाली, कारण काल त्यांना काही झालं नाही. रविवारी ती घेऊन ते एकटेच हायवेने तुझ्याकडे निघणार आहेत, तुला चकित करायला. म्हणून हे लिहितेय. तू शनिवारीच ये. आजाराचं अवाक्षर काढू नकोस. म्हण, बाबा, माझी गाडी पहिल्यांदा मीच चालवणार, तुम्ही शेजारी बसून चुका काढा. त्याला ते नाही म्हणायचे नाहीत, जन्मभर तिथेच बसलेत. मी मागे बसेन. गाडी थेट तुझ्या इस्पितळाच्या दारात उभी कर. तिथून त्यांना आत न्यायचं माझ्याकडे लागलं.

तुझीच,
आई